स्टिअरिंग हलकं किती, जड किती: गाडीच्या वेगाचं गणित



माझ्या हातात ही काळी डबी दिसतेय ना, ती आधी नीट पाहून घ्या. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. वर एक फिरवायचं बटण, जुन्या रेडिओच्या आवाजाचं असायचं तसं. खालून तीन वायरी बाहेर आलेल्या. किंमत काही शे रुपये. ही डबी वर्षभर आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली होती आणि वर्षभर ती गाडीशी एकच गोष्ट खोटं बोलत होती. ती सांगत होती की गाडी जवळपास उभीच आहे. गाडी ताशी ८० किलोमीटरने पळत असली तरीही.

आज आपण पॉवर स्टिअरिंगबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही वेगानुसार हलकं-जड होणाऱ्या स्टिअरिंगबद्दल. तुम्ही पुण्यात असा, बडोद्यात असा, हैदराबादला असा किंवा माझ्यासारखे इंदूरला, गेल्या काही वर्षांत घेतलेली तुमची कार बहुधा याच प्रकारची असेल. शोरूममध्ये कोणी ते समजावून सांगत नाही. सनरूफ दाखवतात.

डबीची गोष्ट सांगतोच. पण त्याआधी थोडं टायरपाशी जाऊन बसावं लागेल.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलंत तर पुढचं चाक जागच्या जागी वळतं. टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो, आणि त्यावर गाडीच्या पुढच्या भागाचं निम्मं ओझं असतं. म्हणजे तुम्ही तो तळहात रस्त्यावर दाबून धरून पिळत असता. रबर खडीला चिकटलेलं असतं, ते घासतं, ताणतं, मग सुटतं. पार्किंगमध्ये सिमेंटच्या गुळगुळीत फरशीवर टायर कुईं करतात तो हाच आवाज. गाडी चालवताना स्टिअरिंगला लागणारा सगळ्यात जास्त जोर इथे लागतो, शून्य वेगाला.

आता गाडीला नुसतं रांगू द्या. माणूस चालतो त्या वेगाने. टायर फिरायला लागला की रबराचा कुठलाही एक भाग जमिनीवर क्षणभरच टेकतो आणि उचलला जातो. पिळला जाण्याआधीच त्याची सुटका होते. त्यामुळे लागणारा जोर एकदम उतरतो. ज्यांनी जुनी ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवली आहे त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गाडी जागेवर असताना चाक वळवायचं नाही, आधी हलवायची आणि मग वळवायची, हे ड्रायव्हिंग शिकवणारे पहिल्याच दिवशी दरडावून सांगायचे.

वेग आणखी वाढला की दुसरी गोष्ट सुरू होते. सामानाच्या ट्रॉलीची पुढची छोटी चाकं आठवा. ट्रॉली ढकलली की ती आपोआप सरळ होतात, कारण चाक जिथे जमिनीला टेकतं ती जागा त्याच्या वळण्याच्या आसाच्या मागे असते. गाडीच्या पुढच्या चाकांची मांडणी मुद्दाम तशीच केलेली असते. म्हणून वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग स्वतःहून मधे येतं. वळणावर स्टिअरिंग तुमच्या हातांना जे हलकंसं मागे ओढत असतं, ती ओढ म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातली पकड तुमच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता आहे. पावसात साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग एकाएकी पोकळ लागलं तर समजावं की टायरखालचा रस्ता गेला, आता खाली पाणी आहे. डोळ्यांना हे कळायच्या आधी हातांना कळतं.

तिसरी गोष्ट जरा आकड्यांची आहे, पण ती मला फार महत्त्वाची वाटते. तुमचं स्टिअरिंग साधारण १६ अंश फिरवलं की पुढची चाकं एक अंश वळतात, असं धरू. बहुतेक छोट्या गाड्यांचं प्रमाण याच्या आसपास असतं. आता स्टिअरिंग फक्त १० अंश फिरवा. घड्याळाच्या काट्याने बाराच्या आकड्यावरून निघून एकच्या आकड्यापर्यंत ३० अंश होतात, त्याच्या तिसरा हिस्सा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली छोटी गाडी यामुळे सुमारे २२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागते. ताशी २० किलोमीटरला तुम्हाला काही जाणवणारही नाही. पण बाजूला ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग पाचपट, म्हणजे १०० केला, तर जोर पंचवीसपट. तेवढ्याच १० अंशांना आता तुमच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जोराने तुम्ही दाराकडे ढकलले जाता. प्रत्यक्षात टायर थोडे सरकतात, गाडीची घडण आडवी येते, त्यामुळे आकडा काहीसा कमी भरतो. पण तोंडचं पाणी पळवायला तेवढाही पुरतो.

म्हणजे अडचण अशी आहे. जिथे हाताला सगळ्यात जास्त मदत हवी, तिथे वेग शून्य असतो आणि चूक झाली तरी फार बिघडत नाही. जिथे मदत जवळजवळ नकोच, तिथे इवलीशी चूकही महागात पडते. दोन्हीकडे सारखीच मदत देणारं यंत्र एका टोकाला चुकणारच.

सुरुवातीची पॉवर स्टिअरिंग बरीचशी अशीच होती. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीत काम करायचा, अवजड ट्रकांशी त्याचा रोजचा संबंध. त्याने १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीला बसवून दाखवलं. मोटार कंपन्यांनी रस घेतला, पण मंदी आली, खर्चाचा विषय निघाला आणि काम मागे पडलं. सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या कारमध्ये ते आलं १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. म्हणजे दाखवून झाल्यावर पंचवीस वर्षांनी. मग लोकांना ते इतकं आवडलं की अमेरिकन गाड्यांची स्टिअरिंग एका बोटाने फिरू लागली. आणि तक्रारही तीच झाली, की हायवेवर हाताला काही लागतच नाही.

या तेलाच्या पद्धतीत एक गंमत आहे. तेल ढकलणारा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात. म्हणजे पार्किंगमध्ये, इंजिन संथ असताना, पंप सुस्त. आणि हायवेवर, जिथे गरज नाही, तिथे पंपाला उत्साह. त्याला आवर घालायला प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. जास्तीचं तेल नुसतंच गोल गोल फिरत राहतं आणि तुमचं थोडं पेट्रोल जाळतं.

वेगाचा विचार करून धाडसाने स्टिअरिंग बनवलं ते फ्रान्समध्ये सिट्रोएनने. १९७० साली त्यांची एसएम नावाची गाडी आली, मासेराटीचं इंजिन घातलेली. या गाडीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघे दोन फेरे. आपल्या साध्या गाड्यांना साडेतीनच्या आसपास लागतात. एवढं चपळ स्टिअरिंग दोनशेच्या वर धावणाऱ्या गाडीत ठेवायचं म्हणजे आत्महत्याच. म्हणून त्यांनी गिअरबॉक्सला एक गरगर फिरणारा गव्हर्नर जोडला. गाडी जसजशी वेग घेई तसतसा तो तेलाचा दाब वाढवी, आणि तो दाब स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या बदामाच्या आकाराच्या कॅमला मधोमध दाबून धरी. वेग जास्त, तर स्टिअरिंग मधून हलायला नाखूश. गाडी उभी असतानाही, इंजिन सुरू असलं की, सोडलेलं स्टिअरिंग आपलं आपण मधे येई. यात हाताला लागणारा जडपणा रस्त्याकडून येत नव्हता, तो यंत्राने तयार केलेला होता. काहींना ते फार आवडलं, काही पहिल्याच वळणावर घाबरले. मला विचाराल तर कल्पना म्हणून मी तिला सलाम करतो, पण रोज ऑफिसला न्यायला मागणार नाही.

पुढे जर्मनीतल्या झेडएफसारख्या कंपन्यांनी मधला मार्ग काढला. तेलाचं स्टिअरिंग तेच, फक्त व्हॉल्व्हवर विजेने चालणारा एक पहारेकरी बसवला. स्पीडोमीटरकडून वेग कळतो, वेग वाढला की व्हॉल्व्हमागे तेलाचा दाब सोडला जातो आणि व्हॉल्व्ह ताठ होतो. मग तेवढीच मदत मिळवायला हाताने जास्त पिळावं लागतं.

आणि १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्याशा गाडीत तेलाला कायमची सुट्टी मिळाली. पंप नाही, पट्टा नाही, गळणारे पाइप नाहीत. स्टिअरिंगच्या दांड्याला विजेची मोटर. महागड्या आलिशान गाडीत न येता ही गोष्ट आधी चिमुकल्या गाडीत आली, याचं कारण व्यवहारी आहे. छोट्या इंजिनाला पंपाचं ओझं परवडत नाही, आणि हलक्या गाडीला मोटरही छोटी पुरते. आज आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत डॅशबोर्डखाली, तुमच्या गुडघ्यांच्या वर, जी मोटर असते ती त्याच कुळातली.

ती काम कसं करते ते पाहू. स्टिअरिंगच्या दांड्यात मधेच एक बारीक पोलादी सळई असते, टॉर्शन बार. तुम्ही चाक फिरवलंत की खालून टायरचा विरोध असतो, त्यामुळे सळई किंचित पिळली जाते, फार तर काही अंश. शेजारचा सेन्सर हा पीळ मोजतो. पीळ म्हणजे तुमच्या हाताचा जोर. हा सेन्सर एकच आकडा देत नाही, दोन वेगळे आकडे देतो आणि कॉम्प्युटर ते एकमेकांशी ताडून पाहतो. जुळले नाहीत तर कोणावरच विश्वास ठेवत नाही. मला ही सवय माणसांतही आवडते.

दुसरी माहिती गाडीच्या वेगाची. ती बहुधा चाकांच्या एबीएस सेन्सरकडून गाडीतल्या सामाईक तारेवरून येते. कॉम्प्युटरच्या पोटात एक तक्ता असतो: हाताचा जोर इतका, वेग इतका, तर मोटरने मदत इतकी करायची. वेग शून्य असेल तर हाताच्या थोड्याशा जोरालाही मोटर जीव तोडून काम करते, बॅटरीतून कित्येक अँपिअर करंट ओढते. म्हणून काही गाड्यांत रात्री पार्किंग करताना हेडलाइट किंचित मंदावलेला दिसतो. वेग ८० असेल तर हाताच्या त्याच जोराला मोटर जेमतेम हात लावते. मोटरचा दांडा वर्म गिअरवर चालतो, आणि त्याचं मोठं चक्र बऱ्याचदा कडक प्लास्टिकचं असतं, म्हणजे खडखडाट होत नाही.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण मोटरला स्वतःचं वजन असतं, घर्षण असतं. ती स्टिअरिंगला मधे परतू देईना तर कॉम्प्युटर तिला मागे ढकलायला सांगतो. वेगात स्टिअरिंग डुलायला लागलं तर तिच्याकडूनच ते शांत करून घेतो. हल्ली गाडी लेनमध्ये ठेवणारी जी यंत्रणा येते, तीही याच मोटरच्या खांद्यावर. आणि ते स्पोर्ट मोडचं बटण? ते दाबल्यावर फक्त तक्ता बदलतो. स्टिअरिंग जड होतं, पण रस्त्याची पकड होती तेवढीच राहते. जडपणा म्हणजे जाणीव असं समजून त्या बटणाच्या भरवशावर घाटात वेग वाढवू नका.

आता डबीकडे येतो.

माझे बाबा ७१ वर्षांचे. त्यांची जुनी हॅचबॅक, पॉवर स्टिअरिंग नसलेली, त्यांनी मुलासारखी सांभाळलेली. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. व्यायाम झाले, शेक झाला, खांदा बराचसा सुटला, पण गाडी वळवून गल्लीत लावणं काही जमेना. नवी गाडी घेऊ म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत. मग ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं की भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग हिच्यात बसवून देतो.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. यंत्रशास्त्र शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची चूक फक्त गॅरेजवाल्याची नाही.

आमच्या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालणारा. गिअरबॉक्समधून निघालेली तार थेट काटा फिरवते, विजेचा सिग्नल तिच्यात नसतोच. आणि बसवलेल्या मोटरच्या कॉम्प्युटरला तर वेगाचा सिग्नल हवा. तो मिळाला नाही तर तो रुसून बसतो. गॅरेजवाल्याने तोडगा काढला तो हा: ही डबी. ही खोटे ठोके तयार करते, जणू चाकाकडूनच आलेत. बटण फिरवून ठोके कमी-जास्त करता येतात. कमी ठोके म्हणजे गाडी हळू, स्टिअरिंग हलकं. त्याने बटण पार हलक्या टोकाला नेलं, मला म्हणाला, "सर, एक उंगली से घुमाओ, मक्खन है." मी कॉलनीत चक्कर मारून आलो. खरंच लोणी होतं. बाबांनी एका हाताने गाडी गेटात घातली आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की मला पुढचं काही सुचलंच नाही. डबी पाहिली होती. तिच्यात काय चाललंय हे विचारायचं राहून गेलं.

कॉलनीतल्या फेरीत हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. ताशी ३० च्या वर गेलोच कुठे?

वर्षभराने धुळ्याला एका लग्नाला निघालो होतो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे. मानपूरचा घाट उतरलो, खलघाटला नर्मदा ओलांडली, पुढे रस्ता सरळ आणि मोकळा. काटा ८० च्या आसपास. समोर ट्रकच्या फुटलेल्या टायरची सालपटं पडली होती, या रस्त्यावर नेहमीचीच. बाबांनी तीस-पस्तीस वर्षांत हजारदा केलं असेल तेच केलं, स्टिअरिंगला उजवीकडे एक हलका हिसका दिला. गाडी उजवीकडे गेली ती थेट दुभाजकाच्या कडेपर्यंत. त्यांनी डावीकडे घेतली, ती डावीकडे तितक्याच जोरात. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या झोक्याला डावी दोन्ही चाकं रस्त्याखाली मुरमावर उतरली, गाडी धुळीत खडखडत गेली आणि थांबली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. तो आणखी पन्नास मीटर जवळ असता तर आज हे बोलायला मी नसतो.

कोणाला लागलं नाही. आईच्या मांडीवरचा लाडवांचा डबा सांडला, तेवढंच. बाबा पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू चालव. माझा हात गेला आता."

मी काही बोललो नाही. मलाही तसंच वाटलं. वय झालं, खांदा दुखरा, सावरता आलं नाही. पुढचे दोन महिने त्यांनी गाडीला हात लावला नाही. भाजी आणायला रिक्षा. पेन्शनच्या कामाला रिक्षा. मित्राला भेटायला जायचं तर, "राहू दे, फोनवर बोलतो." आईने दोनदा मला बाजूला घेऊन सांगितलं, हे बरं नाही. मी म्हणालो, सुरक्षित तर आहेत ना.

मग एका रविवारी मी एकटाच ती गाडी घेऊन बायपासवर गेलो. ताशी ७० ला, रस्ता रिकामा पाहून, बोटभर स्टिअरिंग हलवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मधे काहीच नव्हतं. ना ओढ, ना अडकाव. दलियात चमचा फिरवावा तसं स्टिअरिंग. मोटर अजून पार्किंगमध्येच होती. आणि वर मघाशी सांगितलेलं ते १० अंशांचं गणित मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

पस्तीस वर्षं त्यांच्या हातांना ठाऊक होतं की वेगात एवढा जोर लावला की गाडी एवढी सरकते. हातांनी जोर तेवढाच लावला होता. यंत्राने त्यात पार्किंगची मदत मिसळली. मग सावरायला गेले तर सावरण्यातही मिसळली. असे झोके एकदा सुरू झाले की चांगला ड्रायव्हरही एका झोक्याने मागेच पडतो, कारण गाडी आता कुठे आहे हे कळेपर्यंत ती पुढे गेलेली असते.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बटण फिरवून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो?" मी म्हटलं, नाही बाबा, तुम्ही नव्हता. ते पुन्हा म्हणाले, "दोन महिने झाले रे." तेवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गाडीचं पुढे काय झालं तेही सांगतो. दुसऱ्या एका जाणत्या माणसाने स्पीडोमीटरच्या केबलवर चुंबकाचा सेन्सर बसवला, म्हणजे खरे ठोके मिळू लागले. पण गाडीच्या दर फेऱ्याला किती ठोके पडतात आणि त्या कॉम्प्युटरला किती हवेत हे जुळवावं लागतं, त्यात तीन दिवस गेले. शिवाय तो तक्ता दुसऱ्या गाडीच्या वजनाला, दुसऱ्या टायरना बेतलेला. खूप सुधारलं, तरी मला ते मूळ बनावटीच्या तोडीचं कधीच वाटलं नाही. वर अपघात झालाच तर विमा कंपनी या जोडकामाकडे कसं पाहील, हाही प्रश्न होता. सहा महिन्यांनी बाबांनी स्वतःच गाडी विकायला काढली आणि मूळचंच विजेचं स्टिअरिंग असलेली छोटी गाडी घेतली. विकण्याआधी मी जोडकाम काढून मूळचा दांडा परत बसवून घेतला. हायवेवर मात्र ते अजून गाडी चालवत नाहीत. मी आग्रह केला नाही.

तर तुमच्या गाडीबद्दल काही कामाच्या गोष्टी.

कंपनीतून आलेली गाडी असेल तर हा खोट्या सिग्नलचा धोका जवळजवळ नाही. वेगाची माहिती तुटली तर कॉम्प्युटर ते ओळखतो, डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लावतो आणि ठरवून दिलेल्या एखाद्या सावध पातळीवर जातो किंवा मदत थांबवतो. तो दिवा लागला तर स्टिअरिंग एकदम जड लागेल, पण दांडा, रॅक, चाकं यांचा सांधा लोखंडीच आहे, तो तुटलेला नसतो. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग उतरवा, बाजूला घ्या. जुनी बॅटरी हे या दिव्याचं एक साधं कारण असतं, त्यामुळे मोटर बदलायचं कोटेशन हातात पडलं तर आधी बॅटरी तपासून घ्या.

दिवा नाही आणि स्टिअरिंग जड वाटतंय तर पहिल्यांदा हवा बघा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की जमिनीवरचा तो तळहात मोठा होतो. रुबाबासाठी रुंद टायर टाकले असतील तर तेही कारण. आणि अरुंद जागेत चार-पाच वेळा पुढे-मागे करताना स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवू नका. मोटर तापते, कॉम्प्युटर तिला वाचवायला मदत हळूहळू कमी करतो, आणि माणसाला वाटतं बिघडलं. थोडा वेळ थांबलं की पूर्ववत होतं.

वापरलेली गाडी घेणार असाल तर गल्लीतली चक्कर पुरे समजू नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर ६०-७० ला नेऊन, वळवायचं नाही, नुसतं मधल्या जागेवर हात ठेवून बघा. स्टिअरिंग मधे धरल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि पार्किंगपेक्षा जड. तसं नसेल तर डॅशबोर्डखाली वाकून पाहा. कंपनीची नसलेली वायर, टेपने गुंडाळलेली डबी दिसली तर विकणाऱ्याला विचारा, आणि तो मक्खन म्हणाला तर गाडी तिथेच सोडून या.

एक शेवटचं, कारण गेल्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करावं का? नाही. स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकचा जोरही दोन-तीन दाबांत संपतो, आणि किल्ली चुकून पार मागे जाऊन निघाली तर स्टिअरिंग कुलूप लावून बसतं. उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात तर आजच्या गाड्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सोडतच नाहीत. वाचवायचं ते तिथेच वाचतं.

डबी मी कॉलेजच्या टेबलावर ठेवतो. मुलं विचारतात, ही काय आहे. पहिल्या तासाला मी तिच्यापासूनच सुरुवात करतो, फळ्यावरचं गणित नंतर.